काटेसाहेबांच्या कानांची पडताळणी

माणसाने आपल्या कानांची फुशारकी बायकोसमोर मारू नये. मारायचीच असेल तर बायको शिक्षिका नसावी. आणि शिक्षिका असलीच, तर निदान तिच्यासमोर न तपासलेल्या पेपरांचा गठ्ठा तरी नसावा. काटेसाहेबांनी ही तिन्ही पथ्यं एका दमात मोडली.

'काटे' हे त्यांचं आडनाव नव्हे. ते वजनमापं तपासणाऱ्या खात्यात निरीक्षक होते. बगलेत पितळी वजनांची पेटी घेऊन दुकानोदुकानी जायचं, तराजूचा काटा मधोमध थांबतो की नाही ते वाकून बघायचं, थांबला तर शिक्का मारायचा आणि नाही थांबला तर 'पडताळणीस अपात्र' अशी पिवळी चिठ्ठी फाडून हातात द्यायची, हे काम ते सव्वीस वर्षं करत आले होते. हे नाव त्यांना बाजाराने दिलं होतं आणि ते त्यांना मनातून आवडायचं. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराचा दांडीचा तराजू त्यांनी एकदा चिमूटभर फरकासाठी अपात्र ठरवला होता. दुकानदार काकुळतीला येऊन म्हणाला होता, "साहेब, एवढा फरक तर माशी बसली तरी पडतो." त्यावर काटेसाहेब म्हणाले होते, "मग माशी उठवा. दोन दिवसांत दुरुस्ती करून पुन्हा आणा." हे वाक्य दुकानदार विसरला नव्हता. काटेसाहेब मात्र विसरले होते.

असा माणूस हेडफोनांच्या नादी लागला की काय होतं ते वेगळं सांगायला नको. साध्या हेडफोनांवर त्यांचं भागलं असतं तर ही गोष्टच घडली नसती. त्यांना लागत ते इलेक्ट्रोस्टॅटिक. त्यात म्हणे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ पडदा दोन जाळ्यांच्या मधे ताणून बसवलेला असतो, आणि तो जिवंत ठेवायला पाचशे ऐंशी व्होल्ट देणारा एक वेगळा डबा लागतो. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी हा आकडा ऐकला तेव्हा त्या म्हणाल्या, "अगंबाई, आमच्या इस्त्रीलासुद्धा एवढे लागत नाहीत." तेव्हापासून जिन्यात भेटल्या की त्या काटेसाहेबांच्या कानांकडे आधी बघत आणि मग तोंडाकडे.

घरात दार लागणारी, म्हणजे दार लावून बसता येईल अशी, एकच खोली होती. मागची. ती काटेसाहेबांनी घेतली होती. तिच्या भिंतींना त्यांनी जुन्या गाद्या ठोकल्या होत्या, खिडकीला दोन पडदे लावले होते, दाराच्या फटीत रबराची पट्टी बसवली होती. आत एक आरामखुर्ची, एक छोटं टेबल, तो डबा आणि एक जाडजूड वही. वहीत 'मधले सूर स्वच्छ, खालचे किंचित लाजाळू' अशा नोंदी होत्या. सुरांना लाज कशी वाटते हे बाईंनी एकदा विचारलं होतं, तेव्हा काटेसाहेबांनी दार लावून घेतलं होतं.

बाई म्हणजे त्यांची बायको. सगळी इमारत त्यांना बाईच म्हणायची, कारण निम्म्या इमारतीला त्यांनी गणित शिकवलं होतं. बाई पेपर तपासत जेवणाच्या टेबलावर, एका डुगडुगणाऱ्या खुर्चीवर बसून. उजवीकडे झुकलं की खुर्ची 'टक्' करायची, डावीकडे झुकलं की पुन्हा 'टक्'. एका पायाखाली काहीतरी सरकवायला हवं, असं बाई अकरा वर्षं म्हणत होत्या आणि काटेसाहेब अकरा वर्षं "बघतो" म्हणत होते. समोर दारावरची बेल, बाजूला कुकर, मागे फोन. एका पेपरातली बेरीज तिसऱ्यांदा चुकली की बाई सुस्कारा टाकत, पान उलटत आणि पुन्हा पहिल्यापासून बेरीज करत.

त्या दिवशी त्यांनी नुसतं विचारलं. "अहो, पेपर संपेपर्यंत ती खोली मला मिळेल का? तीनशे पेपर आहेत."

काटेसाहेब तेव्हा त्यांच्या श्रोते मंडळाच्या सभेतून घायाळ होऊन आले होते. मंडळात सहा जण. त्यांतले एक दंतवैद्य. डॉक्टरांनी नुकतीच एक नवी जोडी घेतली होती, काटेसाहेबांच्या जोडीच्या कितीतरी वरची. मंडळाची एक ठरलेली ध्वनिमुद्रिका होती, कुणा म्हाताऱ्या पियानोवाल्याची. तिच्यात पहिली बावीस सेकंदं काहीच वाजत नाही. मंडळातल्या लोकांना सगळ्यात जास्त आवडायची ती हीच बावीस सेकंदं. त्यात पियानोवाल्याचं स्टूल करकरतं, तो समोरच्या वहीचं पान उलटतो, आणि मग पहिला सूर लागतो. डॉक्टरांचं म्हणणं असं की, त्यांच्या नव्या जोडीवर पान उलटल्यानंतर पियानोवाल्याचा सुस्कारासुद्धा ऐकू येतो. काटेसाहेबांच्या जोडीवर तो येत नव्हता. डॉक्टर सगळ्यांदेखत म्हणाले होते, "जोडीचा दोष नाही हो, वयानुसार कान मंदावतात." सव्वीस वर्षं दुसऱ्यांचे तराजू अपात्र ठरवणाऱ्याला हे किती लागलं असेल!

त्यामुळे बाईंनी खोली मागताच साहेबांनी जीभ उचलली आणि टाळ्याला लावली. "खोली कशी देणार? ते काय खेळणं आहे? माझे डोळे बांध, कानाला कुठलीही जोडी लाव, डॉक्टरांची की माझी ते मी सांगतो. नाही सांगितलं तर ही खोली कायमची तुझी."

बाईंनी लाल पेनाला टोपण लावलं.

"कधी?"

"काय कधी?"

"परीक्षा."

दुसऱ्या दिवशी फ्रिजवर प्रश्नपत्रिका चिकटवलेली होती. वेळ एक तास. एकूण फेऱ्या दहा, प्रत्येक फेरीस एक गुण. उत्तीर्ण होण्यासाठी आठ गुण आवश्यक. फेऱ्यांचा क्रम बाईंनी नाणं उडवून ठरवला होता आणि दहा पाकिटांत सीलबंद केला होता.

"आठ?" काटेसाहेब म्हणाले. "शाळेत तर पस्तीस टक्क्यांना पास करता."

"शाळेतली मुलं खोली पणाला लावत नाहीत," बाई म्हणाल्या. "आणि पर्यवेक्षक बाहेरचा हवा. मी कोपऱ्यावरच्या दुकानदारांना विचारलंय. ते लगेच हो म्हणाले."

लगेच म्हणजे किती लगेच, ते काटेसाहेबांनी विचारलं नाही.

शनिवारी दुकानदारासमोर रंगीत तालीम झाली. डॉक्टर आपली जोडी तान्ह्या मुलासारखी शालीत गुंडाळून घेऊन आले. तिला दमट हवा सोसत नाही, म्हणून त्यांच्या अटी होत्या: घरात ओले कपडे वाळत घालायचे नाहीत, कुकर लावायचा नाही, आणि परीक्षार्थींनी त्या दिवशी आंघोळ केली तरी केस धुवायचे नाहीत. काटेसाहेबांच्या डोक्यावर केस होते कानांच्या वर दोन पट्टे, पण अट ती अट.

डोळ्यांवर टॉवेल बांधून काटेसाहेब आरामखुर्चीत बसले. डॉक्टरांनी एक जोडी त्यांच्या डोक्यावर ठेवली.

"डॉक्टरांची," काटेसाहेब तत्काळ म्हणाले.

"अजून काही लावलेलंच नाही," बाई म्हणाल्या.

"चामडं मऊ लागतंय ना."

"मग ही कॉपी झाली. परीक्षेला कान बसलेत, कातडी नाही."

मुद्दा बिनतोड होता. दोन जोड्यांचं वजन वेगळं, गाद्या वेगळ्या, डोक्यावरचा पट्टा वेगळा. डोळे बांधले तरी आंधळ्याला हात फिरवून माणूस कळतो तसं हे कळणारच. तेव्हा डॉक्टरांनी आपली बॅग उघडली. हिरड्यांना सुई टोचण्याआधी लावायचं बधिर करणारं मलम त्यांच्याकडे होतं. स्ट्रॉबेरीच्या वासाचं. "कानाला, कानामागे आणि टाळूला लावलं की दीड तास काही कळणार नाही," ते म्हणाले. "आतल्या पडद्याला धक्का नाही. आ करा." ते शेवटचे शब्द सवयीने निघून गेले, आणि काटेसाहेबांनीही सवयीने आ केला.

राहिलं वजन. तो प्रश्न दुकानदाराने सोडवला. तो दुकानात गेला आणि दहा मिनिटांत परत आला, खांद्यावर तराजूची दांडी घेऊन. दांडी त्याने छताच्या पंख्याशेजारच्या हुकाला टांगली, एका टोकाला हेडफोन अडकवायला दोरी बांधली आणि दुसऱ्या टोकाच्या पारड्यात वजनं टाकत गेला. हेडफोन हवेत तरंगायला लागले. डोक्यावर खाली ओढून बसवले तरी भार शून्य.

काटेसाहेबांनी टॉवेल वर करून दांडीकडे पाहिलं. ती त्यांच्या ओळखीची होती. "ही तीच का?"

"तीच साहेब," दुकानदार नम्रपणे म्हणाला. "तुम्ही अपात्र केलेली. फेकायला मन झालं नाही."

ज्या घरात पितळी वजनं मखमलीवर झोपतात त्या घराच्या छताला बिनशिक्क्याचा तराजू लटकला. काटेसाहेबांनी डोळ्यांवर टॉवेल पुन्हा ओढून घेतला, कारण पडताळणी न झालेलं माप नजरेस पडलं तर कारवाई करणं त्यांच्यावर बंधनकारक होतं.

आता फक्त शांतता हवी होती. हे हेडफोन मागून उघडे असतात. आतला आवाज बाहेर जातो आणि बाहेरचा आत येतो. म्हणून काटेसाहेब इमारतीच्या सचिवांकडे गेले. रविवारी सकाळी अकरा ते बारा एक तास इमारतीत शांतता पाळली जावी, अशी त्यांची विनंती.

"अर्ज कुठल्या सदरात घेऊ?" सचिवांनी खण उघडून छापील अर्ज पसरले. पाणीगळतीचा होता, वाहनतळाचा होता, पाहुण्यांचा होता. शांततेचा नव्हता.

"साध्या कागदावर लिहून देतो."

"साहेब, तुम्ही स्वतः सरकारी माणूस. साधा कागद तुम्ही तरी घेता का?"

हे खरं होतं. ते कधीच घेत नसत. बरंच धुंडाळल्यावर सचिवांना एक अर्ज सापडला, ज्यात 'रहिवाशांनी शांतता राखून सहकार्य करावे' असं वाक्य आयतंच होतं. काटेसाहेबांनी घाईत नाव, मजला आणि वेळ भरून सही ठोकली. वरचा मथळा वाचायचं राहून गेलं. संध्याकाळी फलकावर सूचना लागली तेव्हा तिला चहूबाजूंनी काळी चौकट होती, आणि तिच्यात मधोमध एकच नाव होतं, काटेसाहेबांचं.

रविवारी पावणेअकराला बेल वाजली. दारात पहिल्या मजल्यावरच्या काकू, हातात पांढरी फुलं, मागे दहाबारा माणसं, सगळ्यांच्या माना खाली. दार काटेसाहेबांनीच उघडलं. कानांना मलम चोपडलेलं, गळ्यात टॉवेल.

"अहो, तुम्ही?" काकू म्हणाल्या. आवाजात आनंद होता, नाही असं नाही, पण त्याबरोबर फुलं वाया गेल्याचीही हळहळ होती.

"कोणी गेलेलं नाही," काटेसाहेब म्हणाले.

"पण काल कोणीतरी सांगितलं, वीज... कानातून..."

"मी धडधाकट आहे, काकू."

"मग शांतता कशाला?"

ते समजावून सांगायला पाच मिनिटं लागली. ऐकल्यावर कोणीही घरी गेलं नाही. दुखवट्याला आलेला माणूस एक वेळ लवकर उठेल, पण दुसऱ्याची फजिती पाहायला मिळणार असेल तर तो मांडी घालून बसतो. अकरा वाजता मागच्या खोलीत, गाद्यांना पाठ टेकून चौदा माणसं चिडीचूप बसली होती. काकूंनी फुलं कुठे ठेवायची ते न सुचून त्या पाचशे ऐंशी व्होल्टच्या डब्याशेजारी ठेवली.

व्यवस्था अशी होती. पाकीट दुकानदाराने फोडायचं. त्यात असेल ती जोडी डॉक्टरांनी दांडीला अडकवून काटेसाहेबांच्या डोक्यावर बसवायची. आपल्या जोडीला ते दुसऱ्या कोणाला हात लावू देत नव्हते. बाईंनी पेनाने टेबलावर दोनदा टकटक करायचं आणि पियानो सुरू करायचा. बाई बसल्या होत्या काटेसाहेबांच्या डाव्या अंगाला, दोन हातांवर. खुर्ची जेवणाच्या टेबलाची आणली होती आणि वेळ फुकट जायला नको म्हणून मांडीवर पेपरांचा गठ्ठा घेतला होता. कोणी एक अक्षर बोलायचं नाही, नाहीतर परीक्षार्थीला सुगावा लागेल.

टक टक. पहिली फेरी. स्टूल करकरलं, पान उलटलं, सूर लागला.

"माझी," काटेसाहेब म्हणाले. आवाज जरा मोठाच निघाला, कारण स्वतःचे कान जागेवर आहेत की नाहीत हेच त्यांना कळत नव्हतं.

दुसरी. "डॉक्टरांची." तिसरी. "पुन्हा डॉक्टरांची." चौथ्या फेरीला त्यांनी बराच वेळ घेतला. पाचव्या फेरीला 'माझी' म्हणून नंतर 'थांबा' म्हणाले आणि मग पुन्हा 'माझी'. खरं सांगायचं तर दुसऱ्या फेरीपासूनच ते नुसतं ठोकून देत होते. घरी एकटं बसून वहीत लिहिताना फरक कसा ढळढळीत दिसायचा! आता टॉवेलच्या काळोखात दोन्ही जोड्या सख्ख्या जुळ्या बहिणी झाल्या होत्या. सुस्कारा तर कुठेच ऐकू येत नव्हता. दुकानदाराच्या पेन्सिलीच्या खसखशीवरून बरोबर की चूक ते ओळखायचाही त्यांनी प्रयत्न केला, पण गडी मुरलेला होता. तो प्रत्येक वेळी सारखंच खसखस करत होता.

सहा फेऱ्या झाल्या तेव्हा त्यांचे तीन गुण झाले होते. नाणं उडवून उत्तरं दिली असती तरी साधारण तेवढेच झाले असते. तीन चुकल्यावर आठ गुण होणं शक्यच नव्हतं, म्हणजे परीक्षा तिथेच संपली होती. दुकानदाराने बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली. नापास होणार हे दिसत असलं तरी मुलाला पेपर पूर्ण लिहू द्यायचा, हा त्यांचा तीस वर्षांचा नियम होता.

सातवं पाकीट. डॉक्टरांची जोडी. डॉक्टरांनी ती बसवली, बाईंनी टक टक केलं, आणि त्या पियानो सुरू करणार तोच डॉक्टरांचा चेहरा पांढराफटक पडला. मऊ चामड्याच्या कडेला स्ट्रॉबेरीचा गुलाबी थर लागला होता. बोलायची सोय नव्हती. त्यांनी दोन्ही हातांनी 'थांबा, थांबा' अशी खूण केली, दुकानदाराने पारडं धरून ठेवलं, आणि डॉक्टरांनी अलगद, एखादी हलणारी दाढ काढावी तशी, जोडी काटेसाहेबांच्या डोक्यावरून काढून घेतली. काटेसाहेबांना काडीचाही पत्ता लागला नाही. डॉक्टर खिडकीशी जाऊन रुमालाने जोडी पुसायला लागले. बाईंनी तेवढ्यात मांडीवरचा सत्तेचाळिसावा पेपर घेतला. बेरीज चुकत होती.

खोलीत शांतता. काटेसाहेबांच्या डोक्यावर आता टॉवेलाची गाठ सोडली तर काहीही नव्हतं.

आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अहाहा," ते म्हणाले.

चौदा माणसांनी श्वास रोखला.

"थांबा. सूर यायच्या आधीच सांगतो. ही डॉक्टरांची. शंकाच नाही." त्यांनी बोट वर केलं. "काय शांतता आहे! आता पान उलटलं. कागद स्वस्तातला आहे, पातळ. तोही ऐकू येतो. आणि... आहे, सुस्कारा आहे! डॉक्टर, मी मानलं तुम्हाला. डावीकडून आला, दोन हातांवरून."

डॉक्टरांनी खिडकीतून मागे वळून पाहिलं. त्यांच्या हातात मलमाने माखलेला रुमाल होता.

"स्टुलाचा एक पाय आखूड आहे," काटेसाहेब रंगात येऊन सांगत होते. "हा बघा, टक्. उजवीकडे झुकला की टक्. इतकं स्वच्छ मी आयुष्यात ऐकलं नाही. माणूस दिसतो हो समोर. थकलेला आहे. आजचा नाही, फार वर्षांचा थकवा आहे तो. मोजत असल्यासारखा काहीतरी पुटपुटतोय, पुन्हा पहिल्यापासून सुरू करतोय. त्याला कोणी नीट बसायला जागासुद्धा दिलेली दिसत नाही. कसली माणसं असतील आसपासची, त्याचा हा सुस्कारा कोणाला ऐकू गेला नसेल का?"

कोणीही हसलं नाही. हसायला आलेली माणसं, पण हसणं कुठेतरी अडकलं. काकूंनी पदर तोंडाशी धरला.

"अहो," बाई म्हणाल्या. आवाज अगदी शेजारून आला, दोन हातांवरून, डावीकडून. "टॉवेल सोडा."

काटेसाहेबांनी टॉवेल सोडला. वर दांडीची दोरी रिकामी लोंबकळत होती. डॉक्टर खिडकीशी होते. काटेसाहेबांची स्वतःची जोडी टेबलावर होती. त्यांनी दोन्ही हात कानांशी नेले आणि तिथे नुसतं चिकट मलम लागलं. मग त्यांनी डावीकडे पाहिलं. बाईंच्या मांडीवर उघडा पेपर होता, पातळ, स्वस्तातल्या कागदाचा.

"सुस्कारा..." ते म्हणाले.

"माझा. बेरीज तीनदा चुकली."

"आणि ते टक्..."

बाईंनी उजवीकडे झुकून दाखवलं. टक्.

काटेसाहेबांना आयुष्यात अनेकदा अपमान झाल्यासारखं वाटलं होतं, आणि बहुतेक वेळा तो झालेला नसायचा. आज चौदा माणसांसमोर झाला होता, तरी त्यांना अपमान वाटला नाही. शरम वाटली, आणि ती चौदा जणांपुढची नव्हती, एकीपुढची होती. पाचशे ऐंशी व्होल्ट लावून परक्या माणसाचा सुस्कारा शोधत ते अकरा वर्षं दार लावून बसले होते, आणि दाराबाहेर तो रोज फुकट ऐकू येत होता.

ते उठले. कोटाच्या खिशातून पिवळ्या चिठ्ठ्यांचं पुस्तक काढलं, टेबलावर ठेवून रीतसर भरलं. उपकरण: कान. नग: दोन. धारकाच्या रकान्यात स्वतःचं नाव. निष्कर्ष: पडताळणीस अपात्र. सही केली, शिक्का मारला आणि चिठ्ठी फाडून पर्यवेक्षकाच्या हातात दिली.

दुकानदाराने ती दोन्ही हातांनी घेतली, नीट वाचली, घडी करून खिशात ठेवली. हा क्षण त्याने बरीच वर्षं मनात घोळवला असणार. पण समोरचा चेहरा बघून त्याला घोळवलेलं काही बोलता येईना.

"साहेब," तो हळूच म्हणाला, "दोन दिवसांत दुरुस्ती करून पुन्हा आणा."

तेव्हा मात्र सगळे हसले. काटेसाहेबही हसले, जरा उशिरा. डॉक्टरांनी जोडी शालीत गुंडाळली आणि जाताना कबूल केलं की, तो सुस्कारा त्यांनाही फक्त एकदाच ऐकू आला होता, आणि त्या वेळी दवाखान्यात बाहेरच्या बाकावर एक पेशंट ताटकळत बसलेला होता. काकू फुलं परत घेऊन गेल्या. फुकट घालवायची कशाला.

त्याच दुपारी काटेसाहेबांनी आरामखुर्ची आणि डबा बाहेर काढला आणि जेवणाचं टेबल सोडून बाईंचा सगळा संसार आत नेला. गाद्या तशाच ठेवल्या, बेल ऐकू येऊ नये म्हणून. मग ते पातळी बघायची नळी घेऊन डुगडुगणाऱ्या खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसले. मागचा उजवा पाय तीन मिलिमीटर आखूड निघाला. चिमूटभर फरकासाठी दुकान बंद पाडणाऱ्या माणसाच्या घरात तीन मिलिमीटर! त्यांनी आपली जाडजूड वही उघडली, 'खालचे किंचित लाजाळू' हे पान फाडलं आणि घड्या घालून बघितलं. तीन मिलिमीटर भरायला एवढं एक पान पुरलं नाही. पाच लागली.

आत न्यायला बाईंनी ती खुर्ची नको म्हटलं. त्या आरामखुर्ची घेऊन गेल्या. त्यामुळे संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी, सरळ झालेल्या खुर्चीवर, काटेसाहेब बसले. समोर बेल, बाजूला कुकर, मागे फोन. डोक्यावर जोडी. पियानोवाल्याची बावीस सेकंदं सुरू झाली आणि नेमका कुकर वाजला. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून लावलं. फोन वाजला. पुन्हा पहिल्यापासून. बेल वाजली, काकूंना वाटी परत करायची होती. चौथ्यांदा त्यांनी लावलंच नाही. वहीचं एक पान उलटलं आणि मोठा सुस्कारा टाकला.

मागच्या खोलीचं दार, रबराच्या पट्टीसकट, चार बोटं उघडलं.

"अहो," बाई आतून म्हणाल्या, "सुस्कारे जरा हळू टाका. आतपर्यंत ऐकू येतात."

दोन्ही कानांवर हेडफोन होते, तरी काटेसाहेबांना ते स्वच्छ ऐकू आलं.